गोडी छाटणी

दिनेश मेल्याचं कळलं तेव्हा मठात सकाळची स्तोत्रं चालली होती. नवसाबाई बागेतून अनवाणीच पळत आली होती. प्रार्थनाघराच्या दारात ती थांबली, आत आली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली आणि आतल्या दोन संन्याशांपैकी काळ्यासावळ्या, ठेंगण्या संन्याशाकडे बघत म्हणाली, "बाबा, दिन्या उठत नाय."

भिकाबाबांनी स्तोत्राचं पुस्तक मिटलं. शेजारी बसलेल्या फादर इनासांनी ओळ अर्धी सोडली नाही. ती पूर्ण म्हणून मगच त्यांनी मान वर केली. तोवर भिकाबाबा चिखलाच्या वाटेला लागले होते.

सायखेड्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर हा मठ. एके काळी तिथं आठ संन्यासी राहायचे. स्वतः नांगर धरायचे, स्वतः स्वयंपाक करायचे, दिवसातून सात वेळा प्रार्थना म्हणायचे. आता दोघंच उरले होते. फादर इनास वसईचे, मठाचे प्रमुख, गोरेपान, मोजकं बोलणारे. आणि फादर भिका भोये, पेठच्या डोंगरातल्या पाड्यावरचे. गावाला ते फादर. डोंगरातून मजुरीला येणाऱ्या टोळ्यांना ते भिकाबाबा. त्यांची आई याच काठावर लोकांच्या बागांत राबली होती. तान्ह्या भिकाला द्राक्षाच्या मांडवाखाली झोळीत टाकून ती काड्या वेचायची. पुढं सिस्टर लोकांनी त्यांना बोर्डिंगात घेतलं, शिकवलं, आणि चोविसाव्या वर्षी पोरानं कमरेला संन्याशाची दोरी बांधली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतली. दारिद्र्य त्यांना काही जड गेलं नाही, ते घरूनच आलेलं होतं. ब्रह्मचर्यही निभावलं. तिसऱ्याशी मात्र जन्मभर झटापट चालली. कारण त्यांना राग यायचा. साधासुधा नाही, पोटातून उठून कानशिलापर्यंत जाणारा. दर पंधरवड्याला पापनिवेदनात ते तेच सांगायचे, आणि फादर इनास तेच प्रायश्चित्त द्यायचे.

टोळीची झोपडी बागायतदार किशोरच्या द्राक्षबागेच्या कडेला होती. प्लास्टिकचा कागद, चार बांबू, आत चिंध्यांचं अंथरूण. दिनेश उताणा पडला होता. तोंड सुजून काळंनिळं झालं होतं, मानेवर लाल चकंदळं उठली होती, अंगावर ओकारी वाळली होती. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत गेरूनं रंगलेले. मैना, त्याची बायको, त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. तळवे चोळत होती.

"सोड पोरी," भिकाबाबा म्हणाले.

"ऊन आहा अजून," ती म्हणाली.

बाबांनी मानेला बोटं लावली. अंग ऊन नव्हतं. ते तिच्या शेजारी बसले आणि तिला अजून थोडं चोळू दिलं.

मुकादम धोंडीराम बाहेर तंबाखू मळत उभा होता. "लय ढोसली रात्री," तो म्हणाला. "मी म्हनलं, दिन्या पुरे. ऐकतंय कोन."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं तोंडाचा वास घेतला आणि शवविच्छेदनाला पाठवलं. हवालदारानं अकस्मात मृत्यू नोंदवला. किशोर पांढरी गाडी घेऊन आला. चाळिशीचा, अंगानं भरलेला, कपाळाला अष्टगंध. सगळ्यांदेखत तो भिकाबाबांच्या पायाशी वाकला. शाळकरी असताना मठाच्या ओट्यावर बसून तो याच बाबांकडून इंग्रजी शिकला होता, आणि ते तो कधी विसरला नव्हता. मठाच्या नव्या सभागृहावर पत्रे त्यानंच घालून दिले होते.

"फादर, काय करावं या लोकांचं," तो म्हणाला. "जीव तोडून सांगतो, पिऊ नका. नाय ऐकत. गाडी माझी जाईल, पार पाड्यापर्यंत. खर्च माझा."

बाबांना ते बरं वाटलं. त्या वेळी बरंच वाटलं.

गाडीबरोबर ते स्वतः गेले. पाड्यावर नागलीची शेतं पिवळी पडत होती. दिनेशचा बाप अंगणात उकिडवा बसला होता. त्यानं पोराचं तोंड पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग बाबांना विचारलं, "लय पेला होता का?"

लोक भोवती जमलेले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हाताऱ्यानं ते मौन होकार समजून घेतलं आणि मान खाली घातली. पोरगं गेल्याचं दुःख एकीकडे आणि ही मान खाली जाणं एकीकडे. परतीच्या वाटेवर घाट उतरताना बाबांच्या डोळ्यांपुढं ती मानच होती.

कार्य उरकायच्या आत मैना परत आली. मजुरीची बोली सबंध बागेची झाली होती, हात कमी पडत होते, म्हणून धोंडीराम तिला जीपमध्ये घालून घेऊन आला. ती दुसऱ्या दिवशी ओळीत उभी राहिली. बाबा मठाच्या टोमॅटोला पाणी देत होते, त्यांनी कुंपणाआडून पाहिलं आणि पाण्याचं बारं तसंच सोडून ते पलीकडे गेले.

दसऱ्याच्या आगेमागे द्राक्षबागेची छाटणी होते. हिला गोडी छाटणी म्हणतात, कारण हिच्यावर माल धरतो. काडी छाटली की एक-दोन दिवसांत तिच्यावरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांच्या जागांना, पेस्ट लावावी लागते, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. पेस्टचं औषध पाण्यात कालवायचं, कुठं लागलं ते दिसावं म्हणून त्यात गेरू टाकायचा, आणि फडक्यानं एकेका डोळ्याला पुसत जायचं. औषध जहाल. बाटलीवर कवटी छापलेली असते. टोळीतल्या कुणाच्याही हातात मोजे नव्हते.

मैनाचे हात बाबांनी उलटे करून पाहिले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली होती.

"दिन्याचेबी असेच होते," नवसाबाई बोलली. ती टोळीतली सगळ्यात वडील बाई. इकडंतिकडं बघून तिनं आवाज उतरवला. "बाबा, तो लय पेला नव्हता. अर्धा गिलास. धा ओळी झाल्या का शेठकडनं बाटली येती, पाहुनचार म्हनून. सगळ्यांना घोट घोट. माझा मालक, तो किसन, सगळ्यांची तोंडं लाल झाली, छाती धडधडली. दिन्या दोन रोज नुसता पेस्टच्या बादलीत होता. त्याला जास्त लागलं."

"बाटली कुणी आणली?"

"शेठच्या गाडीतनं आली."

"हे हवालदाराला का नाही सांगितलंत?"

नवसाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाबांनाच विचारल्याची लाज वाटली. "इचारलं कोनी," ती म्हणाली.

त्याच पावली बाबा किशोरच्या बंगल्यावर गेले. पायाला चिखल होता. नोकरानं व्हरांड्यात खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. किशोर बाहेर आला, पाया पडायला वाकला, तर बाबा मागं सरकले.

"पेस्टवर दारू चालत नाही, हे तुला माहीत होतं?"

किशोर थबकला. "सगळ्या बागायतदारांना माहीत हाय फादर. मुकादमाला सांगितलेलं असतं."

"मुकादमानं सांगितलं नाही."

"मग त्याला धरा ना."

"बाटली कुणी पाठवली?"

किशोरनं अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. "रीत हाय ती. माझ्या वडलांपासून हाय. खूश ठेवावं लागतं माणसांना, नायतर दुसऱ्याच्या बागेत पळतात. आता त्या दिवशी पेस्टची बादली हाय का छाटणीची कात्री हाय, हे माझ्या ध्यानात नाय राहिलं."

"आणि मोजे?"

"मोजे आणलेत मी. गोदामात पोतं भरून पडलंय. विचारा धोंडीरामला. हे लोक घालत नाहीत, काडी निसटते म्हणतात."

"टोळीनं ते पोतं एकदा तरी पाहिलंय का?"

किशोरनं मधली खुर्ची बाजूला सारली. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "फादर, झालं ते झालं. मी त्या बाईला वाऱ्यावर सोडणार नाय. पण तुम्ही उगाच याचं राजकारण नका करू. माझा माल परदेशात जातो. नुसता बभ्रा झाला तरी वर्ष बसतं."

"विष तुझं आणि बाटलीही तुझी," बाबा म्हणाले. "दोन्ही एकाच घरून गेली. आणि पाड्यावर त्याचा बाप मान खाली घालून बसलाय, पोरगं दारुडं होतं म्हणून."

आवाज चढला होता. ओसरीवर किशोरची आई येऊन उभी राहिली. राग असा चढल्यावर माणसानं तिथं थांबू नये हे त्यांना वयानं शिकवलं होतं. ते निघाले.

त्या संध्याकाळी ते फादर इनासांपुढं गुडघे टेकून बसले.

"राग?" फादर इनासांनी विचारलं.

"राग. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं."

फादर इनासांनी गळ्यातली माळ सारखी केली. वाईट माणूस नव्हता तो. पण मठ चालवणं म्हणजे काय ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. पावसात गळणारं छप्पर, बंद पडलेली मोटर, आणि दर वेळी धावून येणारा एकच माणूस. "फादर भिका, किशोरचा हेतू वाईट होता का?"

"हेतू कशाला हवा? माणूस मेला."

"आपण न्यायाधीश नाही."

"मग आपण कोण आहोत?"

"संन्यासी," फादर इनास शांतपणे म्हणाले. "श्रम करा. राग श्रमात जिरतो. माझ्या गुरूंनी मला तेच सांगितलं होतं."

बाबा उठले. दारापाशी वळून म्हणाले, "मग एक परवानगी द्या. त्या पोरीच्या जागी मी ओळीत उभा राहतो. तिचे हात काम करण्यासारखे राहिले नाहीत."

फादर इनासांना ही गोष्ट आवडली. त्यात त्यांना नम्रता दिसली. ते हो म्हणाले.

धोंडीरामला मात्र ती आवडली नाही. पांढरा झगा कमरेला खोचून म्हातारा फादर बादली घेऊन उभा राहिला, तेव्हा तो डोकं खाजवत राहिला. "बाबा, शेठ मला बोलंल."

"बोलू दे. ओळीतले हात मोज. कमी नाहीत ना?"

"मोजे मागवू का तुमच्यापुरते?"

"सगळ्यांना मागव."

धोंडीराम तंबाखू मळत निघून गेला. मोजे आले नाहीत.

बाबांनी फडकं घेतलं, बादलीत बुडवलं, पिळलं, आणि पहिल्या डोळ्याला लावलं. लाल ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला. मांडव डोक्याइतक्या उंचीवर, सारखे हात वर. थोड्याच वेळात खांदे भरून आले. मान अवघडली, डोळ्यांत घाम आणि गेरू एकत्र उतरू लागला. आईची आठवण येत होती. ती अशीच हात वर करून दिवसचे दिवस उभी असायची, आणि रात्री त्यांना जवळ घेताना तिचे हात खाली येत नसत. शेजारी नवसाबाई एक ओळ संपवून दुसरीला लागायची, आणि बाबा अजून अर्ध्यावर असायचे. कुणी हसलं नाही. मैना झोपडीच्या सावलीत बसून होती. दुपारी तिनं भाकरी आणली तेव्हा बाबांना घास मोडता येईना. बोटं चुरचुरत होती, जशी चुन्यात घातल्यावर होतात. तिनं काही न बोलता घास मोडून त्यांच्या हातावर ठेवले.

सबंध आठवडा ते असे राबले. राग जिरला नाही. उलट तो आता हातात उतरला, खांद्यात मुरला, आणि त्याला एक ठिकाण मिळालं. आधी तो धूर होता, आता इंगळ झाला.

मठाचा सण त्या रविवारी होता. नव्या सभागृहाचं उद्घाटन त्याच दिवशी ठेवलेलं. आसपासच्या गावांतली ख्रिस्ती कुटुंबं आली, सिन्नरहून एक जीप भरून आली. पुढच्या खुर्च्यांत सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि मधोमध किशोर, फेटा बांधलेला. टोळीलाही जेवणाचं आमंत्रण होतं. ती सगळ्यांत मागं, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मुख्य मिस्सा, म्हणजे वेदीवरचा भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, म्हणायची पाळी भिकाबाबांची होती. फादर इनासांचा घसा बसला होता.

शनिवारी अंधार पडेपर्यंत बाबा पेस्टच्या बादलीत होते. साबणानं, राखेनं हात घासूनही नखांत गेरू राहिला होता. वेदीवरची भाकर उचलताना बोटांच्या चिरा लोकांना दिसत होत्या. भाकर झाली. मग त्यांनी द्राक्षारसाचा पेला हातात घेतला, आणि आत पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं.

आधी सुचलं नव्हतं, हे खरं. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्या पेल्यात त्यांना कधी दारू दिसलीच नव्हती. आता दिसली. पेला ठेवून देता येत नव्हता. याजकानं तो प्यायल्याशिवाय मिस्सा पुरी होत नाही. मागं भिंतीपाशी नवसाबाई मान उंच करून बघत होती. बाबांना भीती वाटली, आणि भीतीच्या खाली तो इंगळ लखलखला. त्यांनी पेला ओठांना लावला आणि रिकामा केला.

स्तोत्र सुरू होईपर्यंत काही झालं नाही. मग मान तापली. कानशिलं ठोकू लागली, चेहरा मिरची लागावी तसा भडकला, छातीत कुणीतरी मूठ मारत सुटलं. वेदीची कडा धरून ते उभे राहिले. शब्द जिभेवर अडकले. पहिल्या रांगेतल्या बाईनं पदर तोंडाला लावला. कुणीतरी हळूच म्हणालं, "फादर घेऊन आलेत की काय." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, पण हसू आवरलं नाही. फादर इनास लाजेनं पांढरे पडले आणि पुढं सरसावले. तोच बाबा खाली कोसळले.

सगळ्यांत आधी किशोर उठला. खुर्ची पाडून तो वेदीपाशी पोचला, बाबांचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि मागं वळून ओरडला, "पेस्ट हाय ही, पेस्ट चढलीय त्यांना. गाडी काढा."

हसणारे थांबले. किशोरचंही तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोललो हे त्याला तेव्हा उमगलं. मागं भिंतीपाशी मैना उभी राहिली होती. टोळीतला एकेक जण उठून उभा राहत होता. ते नुसते किशोरकडे बघत होते.

दवाखान्यात बाबांना दोन दिवस ठेवलं. सलाईन, छातीला तारा. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं निभावलं, एखादा घोट जास्त असता तर कठीण होतं. किशोर रोज यायचा, फळं आणायचा, पायाशी बसायचा. दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडे ठेवले.

"मला बघितलंस तेव्हा पेस्ट म्हणालास," ते म्हणाले. "दिनेशला बघितलंस तेव्हा दारू म्हणालास."

किशोर संत्रं सोलत होता. सोलायचा थांबला.

"त्याला बघायला मी आत गेलोच नव्हतो फादर," तो म्हणाला. "दारातूनच परतलो. धोंडीराम म्हनला दारू, मी म्हनलो दारू."

"आता पाहिलंस. मग पोलिसांत जाऊन सांग."

"ते नाय होणार." त्यानं संत्र्याच्या फोडी ताटलीत मांडल्या. "तुमच्यासाठी जीव मागा, देतो. हे नका मागू."

"माझा जीव तुझ्या पेस्टनं आधीच एकदा मागितला," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मठात परतले तेव्हा फादर इनासांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि वरिष्ठांचा निरोप सांगितला. दक्षिणेतल्या मोठ्या मठात विश्रांतीसाठी जायचं. गुरुवारची गाडी, नाशिकरोडवरून. तिकीट काढलेलं होतं. "लोक तोंडाला येईल ते बोलतायत," फादर इनास म्हणाले. "कुणी म्हणतं फादर प्यायले होते, कुणी म्हणतं मुद्दाम नाटक केलं. मठाचं नाव जातंय. ही आज्ञा आहे, फादर भिका."

"चोर सोडून संन्याशाला सुळी," बाबा म्हणाले.

"सुळी नाही. विश्रांती."

बाबांनी मान हलवली. त्यांनी आज्ञा कधी मोडली नव्हती. कुरकुरत पाळल्या होत्या, पण पाळल्या होत्या.

गुरुवारी सकाळी ते पिशवी घेऊन एसटीच्या वाटेला लागले. वाट किशोरच्या नदीकाठच्या बागेवरून जात होती. ही त्याची सगळ्यात मोठी बाग, निर्यातीची. आदल्या दिवशीच छाटून झालेली, नुसत्या उघड्या काड्यांचा मांडव. बादल्या कालवून तयार होत्या. पण ओळीत एकही माणूस नव्हता. सगळी टोळी बांधावर बसली होती. बायका एकीकडे, गडी एकीकडे. मैना मधोमध, फडक्यांनी बांधलेले हात मांडीवर ठेवून.

धोंडीराम घामाघूम झाला होता. "बाबा, तुम्ही तरी सांगा. उद्यापर्यंत पेस्ट नाय लागली तर डोळे मागंपुढं फुटतील. बाग गेली म्हणून समजा. शेठ माझा जीव घेईल."

"काय म्हणणं आहे यांचं?"

"काय म्हनत नाहीत ना. बसलेत नुसते."

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. एसटी वळणावर धूळ उडवत येत होती. ती थांब्यावर थांबली, कंडक्टरनं त्यांच्याकडे बघून हाक मारली. बाबांनी पिशवी बांधावर ठेवली आणि मैनाच्या शेजारी बसले. एसटी गेली.

किशोर आला तो मोज्यांचं पोतं गाडीत टाकूनच आला. डिकी उघडून त्यानं पोतं बांधावर ओतलं. निळे, कोरे मोजे गवतात पसरले. "हे घ्या. तोंडाला बांधायचे मास्क येतायत, माणूस पाठवलाय. बाटली बंद, परत कधी येणार नाय. अजून काय पायजे?"

टोळीतले दोघं-तिघं चुळबुळले. घरची पोटं भरायची होती, हे कुणाला चुकलं होतं. एकानं मोज्याचा जोड उचलून पाहिला. मैना जागची हलली नाही.

"हे तवा कुठं होते?" तिनं विचारलं.

"चुकलं बाई. चुकलं म्हनतो ना."

"मला कशाला म्हनता? हवालदाराला म्हना."

किशोरनं बाबांकडे पाहिलं. "तुम्ही शिकवलंत हे हिला."

"मी तुला शिकवलं होतं," बाबा म्हणाले. "तेवढं पुरलं नाही."

फादर इनास सायकलवर धापा टाकत पोचले होते. घसा अजून बसलेलाच होता. "फादर भिका, गाडी चुकेल. आज्ञा आहे."

"चुकली, फादर. मी मोडली. प्रायश्चित्त काय ते द्या, सगळं करीन. इथून उठा म्हणू नका."

फादर इनास उभे राहिले. त्यांनी बांधावरची माणसं पाहिली, मैनाचे बांधलेले हात पाहिले. सायकल चिंचेला टेकवून ते थोडे दूर, उन्हातच उभे राहिले. गेले नाहीत.

ऊन वर चढलं. बादल्यांत गेरू तळाला बसला. किशोर बागेच्या टोकापर्यंत चालत गेला, काड्या हातानं चाचपत परत आला. फोनवर दुसऱ्या टोळीसाठी इकडंतिकडं बोलला. पण पेस्टच्या दिवसांत मोकळी टोळी मिळते कुठं, आणि मठातल्या त्या रविवारची गोष्ट मजुरांच्या अड्ड्याअड्ड्यावर पोचली होती. येतो म्हणणारेही नाव ऐकून फोन ठेवत होते. एकदा तो जोरात शिवी हासडून बसला, मग फादरांसमोर शिवी दिली म्हणून स्वतःवरच चिडला. दुपार कलायच्या सुमाराला तो मैनासमोर येऊन उभा राहिला.

"जबाब दिला तर पेस्ट लागंल?"

"आधी जबाब," मैना म्हणाली.

त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. मैना वळसा घालून पुढं आली, बांधलेल्या हातानं पुढच्या दाराशी झटापट करून तिनं ते उघडलं, आणि पुढच्या सीटवर बसली. मागं बाबा बसले. नवसाबाईनं टोळीला सांगितलं, "गाडी परत येस्तोवर कुनी बादलीला हात लावायचा नाय."

चौकीत तोच हवालदार होता. किशोरला बघून उठला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. किशोर उभाच राहिला. खाली बघत, एका दमात बोलला. मोजे दिले नव्हते. औषधावर दारू चालत नाही हे ठाऊक होतं. बाटली माझ्या घरून गेली. हवालदाराचा हात चालेना. "शेठ, घरी विचार करून या ना," तो म्हणाला. "उद्या लिहू."

"आज," भिकाबाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. पण बाकावर बसलेल्या दोन माणसांनी माना वळवून पाहिल्या.

हवालदारानं नाइलाजानं लिहून घेतलं. मग तो मैनाकडे वळला, आणि शेठपुढं जी चीड काढता आली नाही ती तिच्यावर काढत म्हणाला, "ते सगळं ठीक हाय. पण तुझा नवरा दारू पीत होता ना? खरं सांगायचं."

"पीत होता," मैना म्हणाली. "लगीन झाल्यापासनं पीत होता साहेब. मेला मात्र शेठच्या बागेत आल्यावर. लिवा."